निळ्या गाड्यांचं गाव

ऑस्टबीत नवीन माणूस आला की त्याला आडनावाच्या आधी गाडी विचारत. गाडी म्हणजे बर्फावरची, स्नोमोबाईल. मोटार काय, कुणाकडेही असते. आणि गावातल्या गावात हा प्रश्न कुणी विचारतच नसे, कारण सगळ्यांकडे नीगार्डच असायची. ती गावातच बनत होती. पेडर नीगार्ड नावाच्या लोहाराने शेतीची अवजारं दुरुस्त करता करता आपल्या शेडमध्ये पहिली गाडी जुळवली. पाण्याच्या पंपाला लावून उरलेला निळा रंग होता, तोच तिला फासला. पुढे त्या शेडचा कारखाना झाला. गावातली निम्मी घरं त्या कारखान्यावर जेवू लागली आणि तो निळा रंग मिनेसोटाच्या उत्तरेला, पार कॅनडाच्या हद्दीपर्यंत, जिथे तिथे दिसू लागला.

ऑर्विन स्टेनरूड तरुणपणी पेडरच्या हाताखाली वेल्डिंग करायचा. मग त्याने गावच्या मुख्य रस्त्यावर दुकान टाकलं आणि नीगार्डची विक्री घेतली. उंच, हाडकुळा, बोलायला कमी. त्याच्या तोंडून ‘बरं’ हा एकच शब्द सगळ्या कामांना यायचा. राग आला तरी बरं, आनंद झाला तरी बरं. त्याची बायको आर्डिस म्हणायची, “मी या माणसाच्या ‘बरं’चे वीस अर्थ शिकले, तेव्हा कुठे माझा संसार झाला.”

ऑक्टोबरात नव्या गाड्यांची खोकी दुकानात आली की गाव कॉफीचे पेले घेऊन जमायचं. सगळ्यांच्या पुढे मर्ल क्वाले. तो दुधाचा ट्रक चालवायचा आणि त्याची जीभ ट्रकपेक्षा जोरात चालायची. कुणी पाहुणा दुसऱ्या कंपनीची गाडी घेऊन तळ्यावर उतरला, की मर्ल जवळ जाऊन अगदी मायेने विचारायचा, “दोरी आणलीयस ना रे? नाहीतर मी देतो. संध्याकाळी तुला ओढत न्यायला लागेल.”

ऑर्विनला एकच मुलगी, सिग्नी. ती दुकानाच्या मागच्या अंगणात, सुट्या भागांत वाढली. गाडीच्या आवाजावरून तिला कळायचं की कार्बुरेटरमध्ये पाणी गेलंय की नुसता प्लग काळा झालाय. तळ्यावरचा बर्फ कुठे पातळ आहे ते ती रंगावरून सांगायची. विशीत तिने हद्दीच्या शर्यतीत नाव घातलं. ती शर्यत तीन दिवसांची. कॅनडाच्या हद्दीपासून निघायची, रस्त्याकडेच्या चरांतून, गोठलेल्या नद्यांवरून, आणि संपायची ऑस्टबीच्या तळ्यावर, कारखान्याच्या समोर. बायका त्या शर्यतीत फारशा नसत. सिग्नी दुसरी आली. पुरुषांनी तिला खांद्यावर घेतलं आणि चर्चच्या तळघरापर्यंत, जिथे गावाची जेवणं व्हायची, तशीच नेली. त्या वर्षी ऑर्विनच्या दुकानात नाताळच्या आधी एक गाडी शिल्लक राहिली नाही. शेजारच्या तालुक्यातून लोक यायचे आणि म्हणायचे, “ती पोरगी चालवते ना, तसली द्या.”

मग पेडर गेला. त्याच्या मुलांनी कारखाना बाहेरच्या लोकांना विकला. त्याच सुमाराला पेट्रोल महागलं आणि लागोपाठ दोन हिवाळे असे आले की जानेवारीतही शेतात जुनं गवत दिसत होतं. आणि विस्कॉन्सिनमधल्या एका नव्या कंपनीने सेबल नावाची गाडी काढली. काळी कुळकुळीत. तिच्या पुढच्या दोन्ही स्की, म्हणजे बर्फावर घसरणारे तिचे पाय, स्वतंत्रपणे खालीवर व्हायच्या. नीगार्डच्या पुढे अजून पेडरच्या काळच्याच पट्टीच्या स्प्रिंगा होत्या. खड्ड्यावरून गेलं की नीगार्ड माणसाला वर फेकायची आणि खाली येताना त्याच्या पाठीचा हिशोब घ्यायची. सेबल खड्डा गिळून पुढे जायची.

गावातली पहिली सेबल एका शेतकऱ्याने गोठ्यामागे ताडपत्रीखाली ठेवली होती, चोरून दारू आणावी तशी. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोललं नाही. पुढच्या हिवाळ्यात ताडपत्र्या वाढल्या.

नीगार्डच्या नव्या मालकांनी ‘एकदम नवीन मॉडेल’ येतंय असं सांगितलं. खोकी आली. ऑर्विनने लोकांसमोर पहिलं खोकं फोडलं. आत तीच गाडी होती, बाजूने एक पांढरा पट्टा ओढलेला. लोक बघत राहिले. मर्लने गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून पट्ट्यावरून बोट फिरवलं.

“पट्टा छान आहे, ऑर्विन,” तो म्हणाला. “गाडी कधी येणार?”

हसले सगळे. ऑर्विनही हसला. पण त्या दिवशी कॉफी पिऊन लोक गेले आणि गाडीचा भाव कुणी विचारलाच नाही.

सिग्नी नीगार्डवरच शर्यत पळत राहिली. आधी सातवी आली, मग चौदावी. तिसऱ्या वर्षी तिला शर्यत अर्धी टाकून परत यावं लागलं. आठवडाभर ती सरळ बसू शकत नव्हती. आर्डिस तिच्या पाठीला मलम चोळायची. एकदा तिने ऑर्विनला आत बोलावलं. “बघ एकदा ही पाठ. तुझ्या निळ्या रंगाची झालीय.”

ऑर्विनने पाहिलं आणि तो दारातून मागे फिरला.

त्या उन्हाळ्यात सेबलवाल्यांचा माणूस सिग्नीला भेटून गेला. त्यांना चांगले चालवणारे हवे होते. सिग्नीने ती गोष्ट जेवताना काढली. टेबलावर भट्टीत भाजलेल्या बटाटा-खिम्याचं भांडं होतं. ऑर्विन वाढून घेत होता.

“बाबा, ते मला गाडी द्यायला तयार आहेत. मेकॅनिकही त्यांचा.”

“बरं.”

“मी अजून हो म्हटलेलं नाही. तुम्ही सांगा.”

“मी काय सांगणार. चालवायची तुला आहे.”

“दुकान तुमचं आहे ना पण.”

ऑर्विनने ब्रेडला लोणी लावलं. बराच वेळ लावत होता. “दुकानाचं दुकान बघेल,” तो म्हणाला.

आर्डिसला वाटलं, हा चांगला ‘बरं’ होता. सिग्नीला काहीच कळलं नाही. आणि ऑर्विनला विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं. पोरीला पुन्हा नीगार्डवर बसू देणं त्याला नको होतं. आणि ती दुसऱ्या गाडीवर बसलेली बघणंही नको होतं. दोन्ही तितकंच खरं होतं. त्याने फक्त लोणी पुन्हा झाकून ठेवलं.

काळी गाडी डिसेंबरात आली. दुकानात ती ठेवता येत नव्हती, म्हणून सिग्नीने घरामागच्या गॅरेजात ठेवली. एका दुपारी ती कामावरून लवकर आली तर ऑर्विन गाडीशेजारी गुडघ्यावर बसलेला. बॉनेट उघडं होतं. पुढची एक स्की त्याने हातात धरून वर उचलली होती आणि दुसरी जिथल्या तिथे होती. तो ती वर उचलायचा, सोडायचा, पुन्हा उचलायचा. आयुष्यभर लोखंड जोडलेला माणूस तो. त्या एका सांध्यात त्याला सगळं दिसलं. पेडर जिवंत असता तर त्याने हेच केलं असतं, आणि कारखान्यात आता हे करणारा कुणी नाही, हेही.

सिग्नी दारात उभी राहिली. तिला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ऑर्विन उठला, गुडघे झटकले, बॉनेट हलकेच लावलं.

“आईने अंडी आणायला सांगितलीत,” तो म्हणाला आणि तिच्या बाजूने निघून गेला.

फेब्रुवारीत शर्यत झाली. शेवटच्या दिवशी सगळं ऑस्टबी तळ्यावर होतं. कारखान्याने दुपारची सुट्टी दिली होती आणि कामगार निळी जाकिटं घालून कडेने उभे होते. नीगार्डवर पळणारे गावातले दोघं होते, त्यांच्यासाठी फलक रंगवले होते. सिग्नीसाठी फलक नव्हता. ती दोन दिवस पहिली आहे हे रेडिओवरून सगळ्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

ऑर्विन तिथे नव्हता. सकाळी निघाला होता, तळ्यापर्यंत आलाही होता. लोकांनी त्याच्यासाठी पुढे जागा केली आणि त्यांनी ती कशी केली ते त्याने पाहिलं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. या माणसांबरोबर त्याने पंचवीस वर्षं काढली होती, त्यांच्या गाड्या बर्फातून ओढून काढल्या होत्या, त्यांच्या बापांना खांदा दिला होता. पोरगी आली आणि त्याने टाळी वाजवली, तर ती टाळी यांच्या तोंडावर बसणार. नाही वाजवली, तर तिच्या. तो काहीतरी विसरल्यासारखं करून मागे वळला आणि तळ्याच्या काठाकाठाने चालत सुटला. गावापासून लांब, जिथे ओढा तळ्याला मिळतो आणि लव्हाळी उभी असतात, तिथे बर्फाला भोक पाडून मासे धरायची खोपटी होती. त्यातल्या एकाच्या आडोशाला तो उभा राहिला.

आधी आवाज आला. मग ती ओढ्याच्या तोंडातून बाहेर पडली. एकटीच. मागे कुणी नव्हतं. गाडी खडबडीत बर्फावरून चालली होती आणि ती मात्र तिच्यावर जणू खुर्चीत बसावी तशी स्थिर होती. ऑर्विनने टोपी काढली. हात वर करावा असं त्याला वाटलं, पण तोवर ती वळणावरून पुढे गेली होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते गालावरच गोठलं. थोड्या वेळाने तो घरी गेला.

तळ्यावर सिग्नी पहिली आली तेव्हा एवढी शांतता झाली की तिने इंजिन बंद केल्यावर बर्फ कडकडलेला ऐकू आला. मग एक जण टाळ्या वाजवू लागलं. ती आर्डिस होती. आणखी चार-सहा जणांनी तिला साथ दिली आणि ते थांबले. सिग्नीने हेल्मेट काढलं. आईला तिने मिठी मारली आणि आईच्या खांद्यावरून गर्दीत बघत राहिली.

“बाबा कुठायत?”

“येतील,” आर्डिस म्हणाली.

संध्याकाळी घरी ऑर्विन खुर्चीत पेपर वाचत होता. सिग्नीने चषक स्वयंपाकघरात ठेवला. “जिंकले मी,” ती म्हणाली.

“ऐकलं रेडिओवर,” ऑर्विन म्हणाला. “बरं झालं.”

पंधरवड्यात मर्ल क्वालेने सेबल घेतली. ताडपत्री-बिडपत्री काही नाही, थेट कॅफेसमोर आणून लावली. “काय करू,” तो म्हणाला, “माझ्या पाठीने मतदान केलं.” मर्लने घेतली म्हटल्यावर बाकीच्यांना कशाची लाज? पुढच्या ऑक्टोबरात ऑर्विनच्या दुकानात खोकी आली तेव्हा कॉफीचं भांडं भरलेलंच राहिलं. कारखान्याने आधी रात्रपाळी बंद केली, मग एक पूर्ण खातं. तशा दुसऱ्या कंपन्याही त्या दोन-तीन वर्षांत पटापट बुडत होत्या. सगळ्यांचीच बर्फ नसल्याची, पेट्रोलची रड होती. पण ऑस्टबीत लोकांना कारण हवं होतं आणि ते कारण त्यांच्या डोळ्यांसमोर तळ्यावर काळ्या गाडीवरून आलं होतं.

चर्चमध्ये सिग्नी ज्या बाकावर बसायची तिथे आता ती आणि आर्डिस दोघीच. सिग्नी हिशेबनीस म्हणून ज्या धान्याच्या गोदामात काम करायची तिथे लोक तिच्याशी कामापुरतं बोलायचे. एका सकाळी कॅफेत ऑर्विन नेहमीच्या स्टुलावर होता. शेजारी कारखान्यातून काढलेला एक जण बसला होता, हालगर रोस्टाड. दोघं एकाच वर्षी वेल्डिंगला लागले होते.

“माझं घर विकायला काढलंय, ऑर्विन,” हालगर म्हणाला.

“ऐकलं.”

“तुझ्या पोरीने गाव विकलं. मी नुसतं घर विकतोय.”

वाढणारी बाई कॉफीचं भांडं हातात घेऊन तशीच थांबली. ऑर्विनला बोलायचं होतं. हालगर, ती गाडी चांगली होती रे, एवढंच. तेवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण हालगरच्या हातांवर वेल्डिंगचे जुने डाग होते, ऑर्विनच्या हातांवर होते तसेच. त्याने आपल्या पेल्यात पाहिलं. कॉफी संपवली आणि तो उठला.

गावात असली गोष्ट घरी पोचायला वेळ लागत नाही. सिग्नी दुकानात आली. ऑर्विन शेल्फवरची धूळ पुसत होता.

“हालगर असं म्हणाला, खरं का?”

“त्याचं घर चाललंय, सिग्नी.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

ऑर्विन पुसत राहिला.

“काहीच नाही ना,” ती म्हणाली. “कळलं मला.”

वसंतात ती मोंटानाला गेली, सेबलच्याच एका मेकॅनिकबरोबर. त्याच्याशी लग्न केलं आणि पुढे ते मोडलं. दर रविवारी आर्डिसला फोन करायची. फोन आला की ऑर्विन कोट घालून बाहेर जायचा, अंगणातला बर्फ काढायला, बर्फ नसला तरी. आर्डिस म्हणायची, “घे ना, बोल.” तो म्हणायचा, “तू बोल. मग सांग मला.” आणि नंतर ती काय म्हणाली ते सगळं तो दोन-दोनदा विचारायचा.

कारखान्याला कुलूप लागलं. ऑर्विनने दुकान चालू ठेवलं, लॉनमोवर आणि पाण्याचे पंप विकले. जुन्या नीगार्डचे सुटे भाग होते तोवर दिले. मधल्या काळात सेबललाही उतरती कळा लागली. कुणीतरी आणखी हलकी, आणखी वेगाची लाल गाडी काढली आणि चालवणारे तिकडे गेले. काळ्या गाड्या पुन्हा ताडपत्रीखाली गेल्या, या वेळी गंजायला. मर्लने तीही बदलली.

आर्डिस गेली तेव्हा सिग्नी अकरा वर्षांनी ऑस्टबीत आली. तिच्या केसांत पांढरं आलं होतं आणि चालताना ती एका बाजूला किंचित झुकायची, जुन्या पाठीमुळे. चर्चच्या तळघरात बायकांनी कॉफी, हॅमचे सँडविच, लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या बटाट्याच्या पोळ्या मांडल्या होत्या. लोक तिच्याशी नीट बोलले. इतक्या वर्षांनी कोण कशाला धरून बसतंय? मर्लला आता काठी लागत होती. तो तिच्यासमोर येऊन बसला.

“काय चालवतेस हल्ली?”

“पर्यटकांना भाड्याने देते. लाल.”

“सगळे लालच मागतात आता,” मर्ल म्हणाला. त्याने पोळी कॉफीत बुडवली. “तुझी ती शर्यत पाहिलीय बरं का मी. माझ्या खोपट्यातून. मासे काही लागत नव्हते. तू ओढ्यातून निघालीस ना, तेव्हा तुझा बाप बाहेर उभा, माझ्या भिंतीला टेकून. टोपी हातात. मी हाक मारणार होतो, पण तो रडत होता. मग म्हटलं, राहू दे.”

सिग्नीने पेला खाली ठेवला. “कधी?”

“कधी म्हणजे? तू जिंकलीस तेव्हा.”

सगळे गेल्यावर घरी बापलेक स्वयंपाकघरात बसले. लोकांनी आणून दिलेली भांडी ओट्यावर रांगेत होती. बाहेर अजून उजेड होता.

“मर्ल म्हणतो ते खरं आहे का?”

ऑर्विनने मान डोलावली.

“आईला माहीत होतं?”

“नाही.”

“मी विचारलं होतं तिला, बाबा कुठायत. सगळ्या गर्दीत बघत होते मी.” तिचा आवाज चढला नाही. “मला का नाही सांगितलंत?”

“सांगायचं होतं,” ऑर्विन म्हणाला. “त्या संध्याकाळीच. मग उशीर झाला. आणि मग फारच उशीर झाला.”

त्याला वाटलं होतं, हे कधी कळलं तर तिला बरं वाटेल. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला समजलं की तसं काही होणार नाही.

“मला वाटत होतं तुम्ही रागावलायत,” ती म्हणाली. “दुकान बुडवलं म्हणून. ते मी समजू शकत होते, बाबा. बाप रागावतो. तेवढं घेऊन मी जगले. आणि तुम्ही रागावला नव्हतातच. तुम्हाला आनंद झाला होता आणि तो तुम्ही लव्हाळ्यात लपून केलात. माझ्यापासून लपून.”

“तुझ्यापासून नाही. लोकांपासून.”

“मी लोकांतच उभी होते,” सिग्नी म्हणाली. “एकटी.”

ऑर्विनचे दोन्ही हात टेबलावर होते. त्यातला एक त्याने थोडा पुढे सरकवला. तिने तो पाहिला. आपला हात तिने त्यावर ठेवला, क्षणभर, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि मग ती भांडी धुवायला उठली.

दोन दिवसांत तिने आईचे कपडे आवरले, फ्रीजरमध्ये बापासाठी जेवणं भरून ठेवली, औषधांच्या वेळा त्याला समजावून सांगितल्या. जाताना त्याच्या गालाला गाल लावला. भांडण काहीच नव्हतं.

आता ती रविवारी त्याला फोन करते. औषध घेता का, पायऱ्यांवरच्या बर्फावर मीठ टाकलं का, असं नीट विचारते. कधी तुटक बोलत नाही. जुन्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं सांभाळून बोलते आणि त्याला ते फार लागतं. मागच्या महिन्यात त्याने ठरवून टाकलं. फोन वाजायच्या आधीच तो खुर्ची ओढून बसला होता.

“सिग्नी,” तो म्हणाला, “त्या दिवशी तू ओढ्यातून निघालीस ना, मी आयुष्यात इतकं सुंदर कुणाला चालवताना पाहिलं नाही.”

पलीकडे तिच्या दुकानाच्या दाराची घंटा वाजली, कुणीतरी आत येऊन मोठ्याने काहीतरी विचारलं.

“बाबा, गिऱ्हाईक आलंय,” सिग्नी म्हणाली. “ठेवू का?”

“ठेव, ठेव,” ऑर्विन म्हणाला. “गिऱ्हाईक आधी बघ.”